वैशाखांत टिकणारी बाग

तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाऊं लागलें म्हणजे डोंगर जवळ येण्याच्या सुमारास तळोदा हें गांव लागतें. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी गॅझेटियरांत या गांवाची नोंद खानदेशांतील इमारती लांकडाची मोठी पेठ म्हणून झालेली आहे. येथल्या बैलगाड्या साऱ्या खानदेशांत नांवाजलेल्या होत्या आणि रोशा गवताच्या तेलाचा व्यापारहि येथें चाले. रोशाच्या तेलाला गुलाबाशीं मिळताजुळता वास असतो, म्हणून एके काळीं तें तुर्कस्तानांत गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. सातपुड्याच्या उघड्या उतारावर, कोणीं थेंबभर पाणी घातल्यावांचून वाढलेलें गवत अशा रीतीनें दूरदेशींच्या अत्तराला सुवास पुरवीत होतें. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशीं, विहीर व नळ हाताशीं असतांना, गृहस्थांच्या ओट्यावरील फुलझाडें मात्र दर उन्हाळ्यांत करपून जातात.

हें करपणें ठरलेल्या क्रमानें घडतें. दिवाळी सरते, सकाळच्या हवेंत गारवा येतो आणि रोपें विकणाऱ्याची हातगाडी दारावरून जाऊं लागते. तींत पिटुनिया असतो, डेलिया असतो, लहानशा कुंडींत फुलांच्या भारानें वांकलेली शेवंती असते. घरांतील मंडळी हौसेनें पांच-दहा रोपें घेतात. पौष-माघांत ओटा रंगांनीं भरून जातो. येणारा-जाणारा क्षणभर थांबून पाहतो. होळी पेटते, आणि मग एकेका कुंडीचा निरोप सुरू होतो. पाडव्याच्या सुमारास पिटुनियाचीं पानें पिवळीं पडतात, डेलिया मान टाकतो, आणि आखाजीला, जेव्हां खानदेशांत ठिकठिकाणीं झोके बांधले जातात, तेव्हां ओट्यावर कोरड्या मातीच्या कुंड्या तेवढ्या उरतात. मधल्या दोन महिन्यांत घरांतील एखादी गृहिणी, जिच्या माथीं पाणी भरण्याचा व्याप आधींच असतो, सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहून तीं रोपें वांचविण्याची खटपट करीत असते. शेवटीं घरांत एकच निष्कर्ष निघतो : ‘आपल्या हाताला झाड लागत नाहीं.’

हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोष हाताचा नसतो, निवडीचा असतो. रोपाची निवड मार्गशीर्षांत, तें फुललेलें पाहून केली जाते; परंतु त्याची परीक्षा वैशाखांत होते. जेथें मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारीं तापलेला वारा वाहतो, तेथें शोभेचें झाड निवडतांना पहिला प्रश्न ‘हें किती सुंदर दिसतें?’ असा नसावा. ‘हें उन्हाळ्यांत काय करतें?’ हा प्रश्न आधीं विचारावा.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं उत्तरेकडे दिसणाऱ्या डोंगराकडेच पाहावें. सातपुड्यावर कोणी झारीनें पाणी घालीत नाहीं, तरी तेथें फुलांचा दुष्काळ नाहीं. तेथल्या वनस्पतींनीं उन्हाळ्याला तोंड देण्याच्या ज्या रीती पत्करल्या आहेत, त्या स्थूलमानानें चार आहेत. पहिली रीत तेरड्याची. तेरडा पहिल्या पावसांत उगवतो, श्रावण-भाद्रपदांत फुलतो, पिकलेल्या बोंडांतून बी उडवितो आणि ऊन तापण्यापूर्वींच आपला संसार आटोपतो. उन्हाळा तो बीच्या रूपानें काढतो. दुसरी रीत कळलावीची व रानहळदीची. पावसाळ्यांत या वनस्पती वर येतात, फुलतात, आणि पाऊस संपल्यावर पानें टाकून जमिनींतल्या कंदांत निजून राहतात. तिसरी रीत पळसाची व बहाव्याची. हे वृक्ष मुळें खोल धाडतात, पानें झाडून टाकतात आणि भर उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतात. चौथी रीत निवडुंगाची व थोराची. त्यांनीं आपल्या मांसल अंगांतच पाण्याचा सांठा केलेला असतो.

बागेंत येणारें जवळजवळ प्रत्येक फुलझाड या चार रीतींपैकीं कोणत्या तरी एका रीतीचें असतें, मग तें कोणत्याहि खंडांतून आलेलें असो. झेंडू, झिनिया व कॉसमॉस हीं मूळचीं मेक्सिकोकडचीं. पिटुनिया दक्षिण अमेरिकेंतला. हीं सारीं तेरड्याच्या पंक्तींतलीं, म्हणजे हंगामी. यांना पाहुणे समजावें. पाहुण्याचा योग्य वेळीं सत्कार करावा आणि योग्य वेळीं निरोप द्यावा. होळीनंतर पिटुनिया वाळला तर तें अपयश नव्हे. त्याचा हंगाम संपला एवढाच त्याचा अर्थ. त्याला वैशाखापर्यंत ओढीत नेण्यासाठीं ओतलेलें पाणी मात्र वायां जातें. निशिगंध, कर्दळ आणि पावसाळी लिली हीं कंदवर्गांतलीं. गुलबक्षीहि जाड मुळांत जीव धरून राहते. मोगरा, जास्वंद, तगर, कण्हेर, अबोली, बोगनवेल हीं पक्क्या लांकडाचीं, वर्षानुवर्षें टिकणारीं. चिनी गुलाब, कोरफड व अडेनियम हीं अंगांत पाणी सांठविणारीं. ज्या बागेंत या चारहि वर्गांतलीं झाडें आहेत, ती बाग कोणत्याहि महिन्यांत पूर्ण उजाड होत नाहीं. आणि जिच्यांत एकाच वर्गाची गर्दी आहे, ती बाग दोन महिने मिरविते व दहा महिने रडविते.

वर्ग ठरला कीं जागेचा विचार करावा. तळोदा सुमारें साडेएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें डिसेंबरांत भर दुपारींहि सूर्य दक्षिणेकडे कललेला, साधारण ४५ अंशांवरच असतो, आणि दक्षिणेकडच्या ओसरींत ऊन खोलवर शिरतें. उलट मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित् उत्तरेकडे सरकतो. हिवाळ्यांत दिवसभर सांवलींत असणारी उत्तरेकडची भिंत त्या दिवसांत ऊन खाते, आणि दक्षिणेची ओसरी सांवलींत येते. एकाच घराच्या दोन बाजू अशा रीतीनें सहा महिन्यांनीं आपली भूमिका बदलतात. पूर्वेची बाजू फुलझाडांना सर्वांत मानवणारी, कारण तेथें सकाळचें कोंवळें ऊन मिळून दुपारनंतर घराचीच सांवली पडते. पश्चिमेची बाजू सर्वांत कठोर. तेथली भिंत दिवस मावळल्यावरहि उष्णता ओकत राहते. तेथें बोगनवेल, कण्हेर अशींच झाडें तग धरतात.

कुंडी व वाफा यांतला मुख्य भेद येथेंच दिसतो. कुंडी उचलून हलवितां येते, वाफा जागचा हलत नाहीं. नाजूक, लहरी, ऊन-सांवली निवडून घेणारें झाड कुंडींत ठेवावें. दणकट व सोशिक झाड वाफ्यांत लावावें. बहुतेक घरीं याच्या उलट होतें. मोगऱ्यासारखें खोल मुळें धाडणारें झाड लहानशा कुंडींत कोंडलें जातें आणि नाजूक रोपांचा ताटवा भर पश्चिमेच्या उन्हांत घातला जातो.

कुंडीचा आकार ही केवळ दिसण्याची बाब नाहीं. आठ इंची कुंडीऐवजीं त्याच घाटाची बारा इंची कुंडी घेतली, तर रुंदी व उंची दीडपट होते. परंतु आंत मावणारी माती सव्वातीनपटीहून अधिक होते. ज्या पृष्ठभागांतून ओलावा उडून जातो तो मात्र सव्वादोनपटच वाढतो. मोठी कुंडी उशिरां वाळते याचें कारण हें आहे. चार लहान कुंड्यांपेक्षां एक मोठी कुंडी उन्हाळ्यांत कमी पाण्यावर जगते, आणि तींत दोन-तीन जातींचीं रोपें एकत्र शोभतातहि. कच्च्या मातीची भाजलेली कुंडी माठाप्रमाणें पाझरते. त्यामुळें मुळें गार राहतात, पण पाणी अधिक लागतें. पत्र्याचे डबे व काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हांत तापून मुळें भाजतात. त्या वापरावयाच्याच असल्या, तर एका मोठ्या कुंडींत बसवून मधल्या पोकळींत वाळू भरावी व ती ओली ठेवावी, किंवा निदान सर्व कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्या, म्हणजे एकीची सांवली दुसरीवर पडते.

मातीचा प्रश्न या भागांत विशेष आहे. तापीच्या खोऱ्यांतील काळी माती कापसाला व केळीला मानवते. पण कुंडींत ती एकटी वापरूं नये. ओली झाली कीं ती फुगते, वाळली कीं आंकसते. कुंडींतल्या मातीचा गोळा कडेपासून सुटतो आणि वरून घातलेलें पाणी त्या फटींतून सरळ खालीं वाहून जातें. कुंडीखालीं पाणी आलेलें पाहून झाडाला तें पोंचलें असें वाटतें, प्रत्यक्षांत मुळें कोरडींच राहतात. यासाठीं एक भाग काळी माती, एक भाग नदीकांठचा रेताड पोयटा आणि एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत असें मिश्रण करावें. तळाच्या भोंकावर एक वांकडी खापरी पालथी ठेवावी, म्हणजे माती वाहत नाहीं व पाणी तुंबत नाहीं. त्यांत मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर मुळांवरील किडींना थोडाबहुत आळा बसतो.

काळ्या मातींत चुन्याचा अंश असतो, आणि त्यामुळें कांहीं झाडांना मातींतील लोह घेतां येत नाहीं. अनंत हें त्याचें ठळक उदाहरण. त्याचीं नवीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि घरचे लोक पाणी कमी पडलें असें समजून आणखी पाणी घालतात. विंधण-विहिरीचें पाणी जड असेल तर रोग आणखी वाढतो. कुंडीच्या कांठावर सांचणारी पांढरी पुटें ही त्याच क्षारांची खूण होय. अशा ठिकाणीं अनंताचा हट्ट सोडून तगर लावावी. तिचीं फुलें तशींच शुभ्र, पानें तशींच गर्द, आणि स्वभाव कितीतरी सोशिक. अनंत लावावयाचाच असेल, तर त्याला तांबड्या मातीची वेगळी कुंडी द्यावी व सांठविलेलें पावसाचें पाणी घालावें. पावसाळ्यांत सर्वच कुंड्या उघड्यावर ठेवल्या म्हणजे वर्षभर सांचलेले क्षार धुवून निघतात.

पाण्याचा हिशेब मात्र झाड घेण्यापूर्वीं करावा. दहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा वाफ्यावर एक इंच पाणी द्यावयाचें म्हणजे सुमारें ७० लिटर, अर्थात् पंधरा लिटरांच्या जवळजवळ पांच बादल्या. उन्हाळ्यांत आठवड्यांतून दोनदां असें पाणी दिलें, तर दिवसाला सरासरी २० लिटर होतात. बारा मोठ्या कुंड्यांना रोज दोन-दोन लिटर धरले, तर आणखी २४ लिटर. म्हणजे एवढ्याशा बागेला रोज तीन बादल्या हव्यात. घरांत तेवढें पाणी उरत नसेल, तर बारा कुंड्यांच्या सहा कराव्या. परंतु बारा कुंड्या अर्धपोटीं ठेवूं नयेत. भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी बागेला चालतें. साबणाचें व खरकट्या मिठाचें चालत नाहीं. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून बाहेर टाकलें जाणारें पाणी मूळच्या पाण्याहून अधिक क्षारयुक्त असतें, म्हणून नुसत्या त्याच पाण्यावर झाडें ठेवूं नयेत. पाणी संध्याकाळीं किंवा पहांटे द्यावें आणि वाफ्यावर वाळल्या पाल्याचा दोन-तीन बोटें जाड थर पसरावा. डोंगरांतल्या झाडाखालीं हा थर आपोआप असतो. अंगणांत तो रोज झाडून पेटवून दिला जातो, आणि मग मातीचा ओलावा दुपारपर्यंतहि टिकत नाहीं.

आतां ऋतूंच्या क्रमानें निवड पाहावी. बागेचें वर्ष मृग नक्षत्रापासून धरणें सोयीचें. पहिला चांगला पाऊस झाला कीं तेरडा, झिनिया, कॉसमॉस, कोंबडा व गलांडा यांचें बी टाकावें. तेरडा अर्धवट सांवलींतहि फुलतो. कुंपणावर गोकर्णाचा निळा व गणेशवेलाचा तांबडा वेल सोडावा. दोन्हींना फार खर्च नाहीं आणि दोन्ही देवपूजेला उपयोगी. झेंडूचें बी दसऱ्याच्या अडीच महिने आधीं पेरावें आणि रोप वीतभर झालें कीं शेंडा खुडावा. असें केल्यानें फांद्या फुटून फुलांची संख्या वाढते, आणि दाराचें तोरण घरच्या फुलांचें होतें. या ऋतूंत पाणी तुंबणें हा मोठा शत्रू होय. सदाफुली उन्हांत हंसत उभी राहते, पण पावसांत मुळाशीं पाणी सांचलें कीं एका आठवड्यांत कुजते. म्हणून वाफा जमिनीपेक्षां वीतभर उंच असावा.

हिवाळा हा येथल्या बागेचा खरा वैभवाचा काळ. पिटुनिया, फ्लॉक्स, ॲस्टर, डेलिया, कॅलेंडुला यांचीं रोपें ऑक्टोबरांत तयार करून नोव्हेंबरांत लावावीं. उशीर केला तर फुलें येण्यापूर्वींच थंडी ओसरते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनांत जानेवारींत भरणारें पुष्पप्रदर्शन पाहून आलेल्या पुष्कळांना तेथलीं रोपें मोहांत पाडतात. परंतु पुणें तळोद्याहून कितीतरी उंचावर आहे. तेथें हिवाळी फुलें जितके दिवस टिकतात, तितके दिवस तापीच्या सखल खोऱ्यांत टिकत नाहींत. फार कशाला, तळोद्याच्या बागेची तुलना हजार मीटरहून अधिक उंचीवरील तोरणमाळाशींहि करतां येत नाहीं, मग तें याच जिल्ह्यांत कां असेना.

हिवाळी फुलांत शेवंतीची गोष्ट स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. कित्येक घरीं शेवंतीचें रोप चांगलें पोसलेलें, हिरवेंगार असतें आणि तरी कळी धरीत नाहीं. खत बदललें जातें, पाणी बदललें जातें; पण कारण वेगळेंच असतें. १९२० सालीं गार्नर व ॲलर्ड या दोन अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, अनेक वनस्पती फुलण्याची वेळ दिवस-रात्रीच्या लांबीवरून ओळखतात. शेवंती ही लांब रात्रीची वनस्पती आहे. तळोद्यास सर्वांत मोठा दिवस सुमारें साडेतेरा तासांचा, तर सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्याहि आंतला असतो. दिवस लहान होत चालले व रात्री मोठ्या झाल्या कीं शेवंती कळ्या धरते. पण तिची कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखालीं किंवा रात्रभर जळणाऱ्या ओट्यावरील दिव्याजवळ असली, तर तिच्या लेखीं रात्र होतच नाहीं. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यांत हलविली, एवढ्यानें काम होतें. नाताळांत लाल पानांनीं शोभणाऱ्या पॉइन्सेटियालाहि हाच नियम लागू आहे.

उन्हाळ्यासाठीं निवड थोडी, पण भरंवशाची आहे. मोगऱ्याची छाटणी पौष-माघांत करावी, कांहीं दिवस पाणी तोडावें आणि मग खत घालून भरपूर पाणी द्यावें. नव्या फुटीवर चैत्रापासून कळ्या येतात. ज्या महिन्यांत बाकीची बाग थकते, त्या महिन्यांत मोगरा बहरावर येतो. चिनी गुलाब रुंद, उथळ कुंडींत उन्हांत ठेवावा. दुपारच्या कडक उन्हांतच त्याचीं फुलें पूर्ण उमलतात. सदाफुली मूळची मादागास्करची, पण आतां जणूं येथलीच झालेली. बोगनवेलीचा शोध १७६७ मध्यें बूगेंव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याच्या सफरींत ब्राझीलच्या किनाऱ्यावर लागला. तिचे जे रंगीत भाग फुलें म्हणून ओळखले जातात, तीं वास्तविक रंगलेलीं पानें होत. खरें फूल आंत, लहानसें व फिकट असतें. तिला पाणी जास्त दिलें तर ती पानें वाढविते, हात आंखडला तर रंग दाखविते. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्यें लावून ठेवले, म्हणजे पावसाळ्यापासून दांडे येऊं लागतात.

रंगांची जुळणी करतांनाहि उन्हाचें भान ठेवावें. भर दुपारीं पांढरे व फिके रंग झगझगाटांत हरवतात. तांबडा, नारिंगी व गडद गुलाबी हे रंग टिकून दिसतात. सांजवेळीं याच्या उलट होतें. उजेड मंदावला कीं डोळ्याला तांबडा रंग काळपट वाटूं लागतो, आणि पांढरा व निळा उठून दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुर्किंजे या बोहेमियन शास्त्रज्ञानें ही गोष्ट प्रथम नीट नोंदविली. उन्हाळ्यांत ओट्यावर बसण्याची वेळ दिवेलागणीचीच असते. म्हणून बसण्याच्या जागेजवळ मोगरा, तगर, निशिगंध अशीं शुभ्र व सुवासिक फुलें असावींत. रस्त्याकडच्या बाजूला, जेथें दिवसाच नजर पडते, तेथें झेंडू, कर्दळ व जास्वंद शोभतात. उंच झाडें मागें, मध्यम मधें व पसरणारीं पुढें हा नियम सर्वांस माहीत आहे. त्याला एवढीच जोड द्यावी कीं, एका वाफ्यांत तीन-चारांहून अधिक जाती नसाव्यात. एकेक रोप निरनिराळें लावल्यानें वाफ्याला बाजाराची कळा येते. एका जातीचीं दहा रोपें एकत्र लावलीं कीं ताटवा होतो.

निवडींत सौंदर्याबरोबर सुरक्षिततेचाहि विचार हवा. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत, पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर विशेषच. त्यांचा परिणाम हृदयावर होतो. कळलावीचा कंद घातक आहे. ठिपक्यांच्या पानांचें डिफेनबेकिया मुलानें चावलें तर तोंड व जीभ सुजते. रांगतें मूल असलेल्या घरीं हीं झाडें हाताच्या टप्प्यांत नसावींत. कुंडीखालील ताटलींत पाणी सांचूं दिलें तर त्यांत डेंग्यूचे डांस वाढतात. ती आठवड्यांतून एकदां तरी रिकामी करून घासावी.

आणखी एक जबाबदारी अशी आहे कीं, तिचा परिणाम कुंपणाबाहेर दिसतो. आज सातपुड्याच्या व सह्याद्रीच्या उतारांवर माजलेली घाणेरी एके काळीं शोभेचें झाड म्हणूनच या देशांत आली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत लावली गेली. पांखरांनीं तिचीं फळें खाऊन बी सर्वत्र नेलें, आणि बागेंतली ती पाहुणी रानाची मालकीण होऊन बसली. तिच्या जाळीखालीं गवत वाढत नाहीं व गुरांना चारा मिळत नाहीं. तलाव झांकून टाकणारी जलपर्णीहि तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठींच आणली गेली होती. तळोद्यासारख्या गांवीं, जेथें घराच्या कुंपणापासून रान फार दूर नाहीं, तेथें भराभर पसरणारें परकें झाड घेतांना हा इतिहास आठवावा. याच न्यायानें रानांतली कळलावी किंवा रानहळद कंदासकट उपटून आणूं नये. कंद उपटला कीं पुढच्या पावसाळ्यांतलें फूल रानालाहि मिळत नाहीं आणि बहुधा बागेलाहि नाहीं. रोपवाटिकेंत वाढविलेले कंद घ्यावे; रानांतून आणावयाचेंच तर मूठभर तेरड्याचें बी पुरे.

या सर्व विचाराचा मेळ एका साध्या घरावर घालून पाहावा. घराचें तोंड पूर्वेकडे आहे, पुढें दहा फूट लांब व तीन फूट रुंद वाफा आहे, आणि घर रोज तीन बादल्या पाणी देऊं शकतें. वाफ्याच्या मागच्या ओळींत दोन मोगरे व मध्यें एक तगर कायमची असावी. मधल्या ओळींत निशिगंधाचे कंद असावेत. पुढची ओळ तेवढी बदलती ठेवावी : पावसाळ्यांत तेरडा, हिवाळ्यांत फ्लॉक्स किंवा ॲस्टर, उन्हाळ्यांत सदाफुली. पश्चिमेच्या परसांत एक बोगनवेल जमिनींतच लावावी; ती मूळ धरल्यावर फारसें पाणी मागत नाहीं. बारा कुंड्यांपैकीं चारांत अबोली, जास्वंद अशीं कायमचीं झाडें, तिहींत चिनी गुलाब व कोरफड, दोहोंत शेवंती, आणि उरलेल्या तिहींत हातगाडीवरचे हौशीचे पाहुणे असावेत. होळीनंतर या तीन कुंड्या मोकळ्या करून त्यांतली माती उन्हांत तापवावी आणि त्यांच्या वांट्याचें पाणी मोगऱ्याला द्यावें. अशा बागेंत पौषांत पूर्वीइतका झगमगाट दिसणार नाहीं. पण आखाजीच्या संध्याकाळीं माहेरी आलेल्या लेकीला वेणींत माळण्यापुरते मोगऱ्याचे कळे घरच्या वाफ्यांत सांपडतील, आणि ते जगविण्यासाठीं कोणा गृहिणीला उन्हांतून जादा बादली वाहावी लागलेली नसेल.

हातगाडी दारावर येईल तेव्हां रोप अवश्य घ्यावें. मात्र तें हातांत घेण्यापूर्वीं त्याचा वैशाख मनांत आणावा. सातपुड्याच्या उतारावरचें रोशा गवत याच उन्हांत सुवासिक होत आलें आहे. या उन्हाशीं ज्यांचें जुळतें, तीं झाडें निवडलीं, तर हाताला झाड लागत नाहीं अशी खंत करण्याचें कारण कोणत्याहि घराला उरणार नाहीं.